विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स२६४ (व्हिडिओ एन्कोडर) चालतं का?

कोल्हापुरी_कोडर: लग्नाच्या शूटिंगवाल्यांसाठी छोटा व्हिडिओ कन्व्हर्टर लिहिलाय, १८०० रुपयांना विकतो. आत एफएफएमपेग या मुक्त व्हिडिओ-साधनाच्या डीएलएल (लायब्ररीच्या फायली) आहेत. काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, ‘याचा सोर्स कोड कुठाय?’ झोप उडाली. एफएफएमपेग फुकटच आहे ना?

जुनाखोड: फुकट आहे, बेवारस नाही. आधी ‘एफएफएमपेग -व्हर्जन’ चालवा आणि कॉन्फिगरेशनची ओळ वाचा. ‘इनेबल-जीपीएल’ दिसलं तर तुमची बिल्ड (कंपाइल केलेली प्रत) एलजीपीएल या सैल लायसन्सची राहिली नाही, जीपीएल या कडक लायसन्सची झाली. एक्स२६४ हवं असेल तर ते लागतंच. मग विकायला हरकत नाही, पण ज्याला विकलं त्याला तुमच्या प्रोग्रामचाही सोर्स जीपीएलखाली द्यावा लागेल. त्याच ओळीत ‘नॉनफ्री’ असेल तर ती बिल्ड दुसऱ्याला देताच येत नाही. एक्स२६४चं व्यावसायिक लायसन्स २०१० पासून विकत मिळतं. मी एका नोकरीत हे सगळं रिलीजच्या आदल्या रात्री शिकलो, तुम्ही निदान आधी विचारलंत.

कोल्हापुरी_कोडर: दिसलं. जीपीएल. तयार बिल्ड उतरवली होती, ती ओळ कधी वाचलीच नव्हती.

पेटंटग्रस्त: एक्स२६४ ज्यात व्हिडिओ बनवतं त्या एच.२६४ फॉरमॅटचं पेटंट वेगळं प्रकरण आहे बरं का, कोडच्या लायसन्सनं ते सुटत नाही. सिस्को कंपनीच्या ओपनएच२६४ या एन्कोडरची तयार बायनरी वापरकर्त्याच्या मशीनवर थेट सिस्कोकडून उतरवली, तर पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते. स्वतः कंपाइल केलीत तर नाही.

जुनाखोड: दर्जात एक्स२६४ सरस, पण हळदीच्या व्हिडिओत कोण बघतंय! एलजीपीएल बिल्ड घ्या, डीएलएल वेगळ्याच ठेवा, तिचा सोर्स इन्स्टॉलरशेजारीच अपलोड करा.

कोल्हापुरी_कोडर: विक्री आजपासून बंद. जुन्या ४३ गिऱ्हाइकांना काय कळवू?