अयुत्थया: बँकॉकहून एका दिवसात, गाइडसह. सल्ला हवा

मुक्ता७१: नोव्हेंबरात बँकॉकला चाललोय. मी, नवरा आणि आई. एक दिवस अयुत्थयासाठी, म्हणजे थायलंडच्या जुन्या राजधानीसाठी ठेवलाय. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे नीट सांगणारा गाइड हवा. तिचे गुडघे दुखतात. माणशी १२०० बाहतच्या वर जाणं जमणार नाही. कोणती सहल घ्यावी?

वाटसरू: डोळे मिटून खाजगी गाडी आणि गाइड घ्या. आम्ही पाच हजार बाहतच्या वर मोजले, पण एकही पैसा वाया गेला नाही. गाडीत थंड पाणी, ओले रुमाल, कुठेही घाई नाही. दिवस मावळताना वात (म्हणजे देऊळ) छायवत्थनारामला होतो, ते विसरणं शक्य नाही.

शेवंती: बसची सहल अजिबात घेऊ नका! आमच्यात चाळीस माणसं. बांग पा-इनचा राजवाडा आणि जेवण यातच निम्मा दिवस गेला. वात महाथातला गाइडने वीस मिनिटं दिली. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे ना, तिथे फोटोसाठी खाली बसावं लागतं, आपलं डोकं त्या मस्तकाच्या वर जाऊ द्यायचं नाही. मी मांडी घालून बसले. चेहरा अगदी समोर, मिटल्यासारखे डोळे, कानाला चिकटून गेलेलं मूळ. डोळे भरून आले, आणि मागून शिट्टी, बस निघाली. अजून राग येतो.

गडकोट: १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने शहर जाळलं. तिथल्या सगळ्या मूर्तींची मुंडकी त्यांनीच उडवली.

जुनीवही: सगळी नाही हो. पुष्कळ मस्तकं नंतर चोरांनी विकायला कापून नेली. वात राचबुरानाच्या तळघरात १९५७ मध्ये चोर शिरले होते. त्यांच्या हातून सुटलेलं सोनं चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. मुक्ता, आईंना तिथे न्याच. बंदचा वार आधी बघून घ्या.

गडकोट: पण शहर जाळलं ते त्यांनीच.

जुनीवही: ते कोण नाकारतंय?

रमतगमत: खाजगी गाडीला +१. पाच हजार जास्त नाहीत.

माधवी_क: त्यांनी १२०० लिहिलंय, वाचा तरी. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाहतच्या आसपास असतं, अंतर ८० किलोमीटर. स्टेशनबाहेर टुकटुक (तीनचाकी रिक्षा) तासाच्या बोलीवर ठरवा, भाव आधी पक्का करा. एका दिवसात सहा देवळांचा हट्ट नको, सगळीकडे विटांचं ऊन अंगावर येतं. गुडघे-खांदे झाकणारे कपडे, टोपी, पाणी. राचबुरानाचा जिना उभा आहे, आईंना खालूनच दाखवा. गाइड मात्र हवाच, नाहीतर नुसत्या विटा दिसतात.

अनवाणी: इतक्या लांब कशाला, सांची बघा आधी.

मुक्ता७१: सांची दोनदा झालीय :) सगळ्यांचे मनापासून आभार. आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, गाइड नको, मी सांगेन. १३५० पासूनचे राजे वहीत उतरवायला घेतलेत तिने. आगगाडी, टुकटुक, आधी संग्रहालय, मग महाथात आणि छायवत्थनाराम, एवढंच. शेवंती, महाथातला आम्ही तासभर बसणार आहोत. माधवीताई, टुकटुकवाल्याशी तासाचा किती भाव ठरवला होता तुम्ही?