‘मचूळ’ की ‘निमखारे’?

प्रश्न : खाडीतील जीवसृष्टीवरील एका लेखात ‘खाडीचे मचूळ पाणी’ असा प्रयोग वाचला. मत्स्यशेतीविषयीच्या शासकीय लिखाणात मात्र ‘निमखारे पाणी’ असते. हे शब्द समानार्थी मानावेत काय?

प्रतिसाद १ : अर्थ जवळचे असले तरी माझ्या मते ते अदलून वापरू नयेत. ‘मचूळ’ हा जिभेने ठरवलेला शब्द आहे. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरीत खारे पाणी झिरपले की ती मचूळ झाली असे म्हणतात, आणि त्या म्हणण्यात पिणाऱ्याची तक्रार असते. खाडीवर कोणी घागर घेऊन जात नाही. तिथे ही तक्रार अस्थानी ठरते.

‘निमखारे’ मधला ‘निम’ हा ‘निमसरकारी’, ‘निमशहरी’ यांतलाच असून, त्याचा अर्थ काटेकोर निम्मा असा नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर अर्ध्या ग्रॅमपासून ३० ग्रॅमपर्यंतचे पाणी शास्त्रात निमखारे गणले जाते. एवढा मोठा पल्ला एका शब्दात बसवावा लागतो, कारण हे पाणी स्थिर नसते : वाशिष्ठीला पूर आला की दाभोळच्या खाडीतला खारेपणा मुखाकडे रेटला जातो, उन्हाळ्यात तो पुन्हा वर चढतो, आणि भरती-ओहोटीची ये-जा तर रोजचीच. तिथे टिकतात ते हा बदल सोसणारे जीव. तिवराच्या पानांवर दिसणारे पांढरे कण म्हणजे झाडाने बाहेर टाकलेले मीठ. कांदळ मात्र बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो. जिताडा खाडीच्या मुखाजवळ खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर कमी खाऱ्या पाण्यात शिरून वाढतात. म्हणूनच रायगडात शेतालगतच्या तळ्यांत तो पोसता येतो. अशा पाण्याला चवीचे नाव देणे अपुरे वाटते.

प्रतिसाद २ : सहमत. ‘खाजण’ हा शब्दही काही जण याच अर्थी योजतात, तो मात्र पाण्याचा नव्हे, भरतीच्या टप्प्यातल्या जमिनीचा आहे. गोव्यात बांध घालून आणि ‘मानस’ नावाच्या दारांनी पाणी राखून तिथे कोरगूट भात पिकवतात. त्यामुळे ‘खाजणातले निमखारे पाणी’ हा प्रयोग द्विरुक्ती ठरत नाही.