जिव्या म्हसेंना ‘घडवलं’ म्हणे!

रानवाट:
काल एका ओळखीच्या गृहस्थांनी वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दल लिहिलं, ‘चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले नसते तर जिव्या सोमा म्हसे मजुरी करत राहिले असते. शिकलेल्या माणसाने त्यांना घडवलं आणि पद्मश्री एकट्याच्या नावावर लागली.’ त्यावर भराभर माना डोलल्या. म्हणून हे लांबण लावतोय.

लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलायचाच थांबला. जे सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगायचा. तेव्हा कुठे होते कुलकर्णी? ते आले सत्तरच्या दशकात, म्हणजे म्हसे चाळिशीकडे झुकलेले असताना. कागद आणला, रंग आणले, बाहेर वाट दाखवली. मान्य. पण हात?

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र नीट बघा. अख्ख्या पटावर जाळं पसरलेलं, एकेक दोरा बारीक तुटक रेघांनी काढलेला. मागे सरून बघितलं की ते जाळं पाण्यात हलतंय असं वाटतं. लग्नात भिंतीवर काढायच्या चौकोनातल्या, म्हणजे चौकातल्या, देवीपलीकडे जाऊन रोजचं जगणं असं हलतं ठेवायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ ची पद्मश्री त्या हाताला मिळाली, शिफारशीला नाही.

मनोहरपंत:
मजकूर माझाच आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. भिंतीवरचं चित्र पुढच्या सारवणात जातं. कागदावरचं राहतं, दुसऱ्या गावी जातं, विकलं जातं. हा फरक ज्याने घडवला त्याला तुम्ही ‘वाट दाखवली’ एवढ्यावर बोळवणार? बिहारमधल्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी मधुबनीला धाडलं तेही याच कुलकर्ण्यांना. तिथल्या बायकांच्या हाती कागद त्यांनीच दिला. स्वतःची चित्रकारी बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या चित्रांसाठी गावोगाव हिंडणारा माणूस आज कुणाच्या लक्षात नाही, हे माझं दुखणं आहे. मुंबईत केमोल्ड कलादालनाच्या भिंतीवर म्हशांची चित्रं लागली ती आपोआप लागली नाहीत.

रेखा_वि:
तुम्ही दोघंही पुरुषांचाच हिशेब मांडताय. लग्नाचा चौक काढायचा मान सवाशिणींचा. पालघाट देवी, चौकाच्या पट्ट्या, चंद्रसूर्य, सगळं बायकांच्या हातचं, आणि गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीही बाईच. म्हसे मोठे चित्रकार होतेच, पण ‘कुणी शिकवलं नाही’ हे मला पटत नाही. डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या चितारलेल्या भिंती होत्या. त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव सांगा. पंत, तुमचे कुलकर्णी डहाणूला बायकांचीच चित्रं शोधायला गेले होते, आणि परतले एका पुरुषाचं नाव घेऊन.

रानवाट:
ताई, चौकात नेमाने काय यायचं ते ठरलेलं असतं. म्हशांनी नेम मोडला, ही त्यांची कमाई. बायकांचा वाटा मी नाकारत नाही.

रेखा_वि:
नाकारत नाही, पण वर लिहिलाही नाही.

चित्रकला_सर:
निवृत्त कलाशिक्षक म्हणून बोलतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात आयुष्य गेलं. वारली हा एकच विषय असा की ज्याला हातच नाही म्हणतात तो मुलगाही दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस उभा करतो आणि खुलतो. आमच्या सभागृहात तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचाचं वेटोळं मुलांनीच रंगवलं. कला सगळ्यांची असते. ‘हे आमचंच’ अशा कुंपणाने ती मरते.

पाड्यावरचा:
सर, मी वारली आहे, हेच काम करून घर चालवतो, म्हणून बोलतो. तुमच्या पोरांनी काढलं त्याचं दुःख नाही. पण त्या भिंतीवर माणसं सरळ उभी असणार, शिपायांसारखी. आमच्याकडे वरचा त्रिकोण कलला की बाई भात लावतेय, आणखी कलला की लाकडाची मोळी उचलतेय. जोर कुठे पडतो ते त्या कलण्यात असतं. म्हसेबाबांच्या चित्रात हे बघा, एक माणूस दुसऱ्यासारखा सापडणार नाही.

आता कुंपणाचं. एका मोठ्या वसाहतीने मला प्रवेशद्वाराची भिंत रंगवायला बोलावलं. गेरूचा हात दिला, सुकू दिला, बांबूची काडी चावून टोक मऊ केलं आणि नमुन्याचा एक तुकडा काढून दाखवला. चौरस फुटाचा भाव ठरेना. ‘नुसतं पांढरंच तर आहे, रंग कितीसा लागतो’ म्हणाले. मी परत आलो. पुढे कळलं, त्या तुकड्याचा मोबाईलवर फोटो काढून त्याचं फ्लेक्स छापलं आणि तिथेच चिकटवलं. २०१४ ला वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ही कला इथलीच अशी सरकारी नोंद, मिळालं. त्या फ्लेक्सवाल्याला त्याचं काय?

मनोहरपंत:
मूळ विषय कुलकर्ण्यांचा होता. पडदे, कुर्ते, फ्लेक्स यांचं रडगाणं इथे कशाला?

पाड्यावरचा:
रडगाणं? तुमच्या घरच्या पडद्यावर तारपावाला नाचत असेल तर तो कुणी काढला हे विचारायचं नाही? कुलकर्ण्यांचं नाव विसरलं तर तुम्हाला झोंबतं. आमचं तर कुणी विचारतच नाही. शब्द जपून वापरा, पंत.

चित्रकला_सर:
पंत, हे बरोबर नाही. मुलगा हलक्यात बोलत नाहीये. पण दादा, मलाही एक सांगा. तुमच्यापैकीच किती जण आता पोस्टर कलरने मोर आणि हत्ती काढून पर्यटकांना विकतात? मागणी तसा पुरवठा तुम्हीही करताच की.

पाड्यावरचा:
करतो. आगगाडी काढतो, मोटारही काढतो. जे दिसतं ते काढायचं, ही आमचीच रीत आहे. म्हसेबाबांनीही जे भोवती होतं तेच काढलं. गिऱ्हाईकासाठी मोर काढला तरी त्याखाली सही माझी असते. तुमच्या सभागृहाच्या भिंतीवर खाली कुणाचं नाव आहे, सर?

चित्रकला_सर:
शाळेचं.

रेखा_वि:
बघा. चौकाखाली सवाशिणीचं नाव नव्हतं कारण तो देवीचा होता. शाळेच्या भिंतीवर तर देवी नाही.

रानवाट:
माझा मुद्दा फ्लेक्समध्ये वाहून चाललाय, तरी सांगतो. याचसाठी म्हशांचं महत्त्व आहे. त्यांच्यामुळे या चित्रांना पहिल्यांदा एका माणसाचं नाव लागलं. फ्लेक्सवाल्याला जाब विचारायचा तर आधी चित्रामागे माणूस आहे हे जगाने मानलं पाहिजे, आणि ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या या माणसामुळे मानलं गेलं. २०१८ मध्ये ते गेले तोवर त्यांचे मुलगेही नावानिशी चित्रकार झाले होते.

मनोहरपंत:
आणि ते नाव मुंबईपर्यंत आणलं कुणी? फिरून तिथेच येतो मी.

रानवाट:
बरं. कुलकर्णी नसते तर नाव उशिरा कळलं असतं. इतकं देतो. ‘घडवलं’ हे मात्र परत घ्या.

मनोहरपंत:
‘घडवलं’च्या जागी ‘पुढे आणलं’ लिहीन. त्यापलीकडे इंचभर सरकणार नाही. आणि त्या मुलाचं कामाच्या भावाबद्दलचं म्हणणं रास्त आहे, फोटो काढून छापणं ही चोरीच.

चित्रकला_सर:
पुढच्या वर्षी दुसरी भिंत रंगवायची आहे. दादा, मुलांना शिकवायला याल का?

पाड्यावरचा:
येईन. भाव आधी ठरवू, आणि खाली शाळेबरोबर माझं नाव. माझी आत्या अजून लग्नाचे चौक काढते, तिलाही आणतो. मजुरी दोघांची.

रेखा_वि:
आत्याचंही नाव भिंतीवर, दादा. ते तुम्ही वर लिहिलं नाहीत.