जुन्या डोंग्याच्या इंजनाले कोणचा फ्युएल पंप लावावा, अन् पेट्रोल कोणतं?

डोंगेवाला_पवनी
राजेहो, सल्ला पायजे होता. गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमधी आमचा फायबरचा डोंगा हाय, मांगं १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे डोंग्याच्या बाहेरून लावाचं इंजन, कोकणातून सेकंडहँड आणलेलं. हिवाळाभर मस्त चाललं, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तशे नखरे सुरू झाले. हळू चालवलं त दिवसभर चालते, फुल रेस दिली की दोन-तीन मिनिटात गळाठते न बंद पडते, मंग वल्हे मारत काठावर या. मिस्त्री म्हणते फ्युएल पंप गेला, ओरिजिनल महाग पडते, त्याच्याऐवजी गाडीचा इलेक्ट्रिक पंप बॅटरीवर बसवून देतो. बसवू का? अन् आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येते त्याच्यानं बी काही होते का? १०० ऑक्टेनवालं टाकलं त ताकद वाढन का?

गॅरेज_भंडारा
दादा, पंपाले हात लावाच्या आधी फुकटची एक टेस्ट करा. टाकीच्या पाइपवर हातानं दाबाचा रबरी बल्ब असते न, फुल रेसवर इंजन गळाठाले लागलं की तो दाबत राहा. उचल घेतली त पेट्रोल कमी पोचून रायलं, म्हणजे पंप, पाइप, फिल्टर नाहीतर टाकीच्या झाकणाची हवा. काहीच फरक नाही पडला त कार्बोरेटर न प्लग पाहा, पंपाच्या मांगं नका लागू. अन् झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा हाय का ते पयले पाहा, हासू नका, लय जणांचं इंजन तेवढ्यानंच बंद पडते.

जुनी_इंजिनं_नागपूर
इलेक्ट्रिक पंप अजिबात नको. तुमच्या इंजिनाचा पंप क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद भागाच्या, दाबावर चालतो, आत एक पातळ पडदा असतो तो खालीवर होतो आणि पेट्रोल ओढतो, बॅटरीचा संबंधच नाही. जुन्या कार्बोरेटरला दाब अगदी थोडा लागतो, इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या वर मारतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तो दाब धरूच शकत नाही, पेट्रोल बाहेर वाहायला लागेल. कमी दाबाचा मिळाला तरी गाडीचा पंप बोटीसाठी ठिणगी-बंद नसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, रस्त्यावर ती उडून जाते, डोंग्यात तळाशी साचते. शिवाय इंजिन बंद पडलं तरी वायर काढेपर्यंत तो पंप चालूच. मिस्त्री चांगला असेल हो, पण त्यानं काम गाड्यांवर केलंय.

पडदा फाटला असेल तर पेट्रोल त्याच वाटेनं क्रँककेसमध्ये जातं, प्लग ओला निघतो, धूर वाढतो. तेवढं बघा.

ढिवरटोली
पेट्रोलाचं मी सांगतो. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात अर्धी टाकी तशीच ठेवली का पाणी न इथेनॉल मिळून खाली थर बसते, अन् टाकीतली नळी त तळातूनच ओढते. आता टू-स्ट्रोकचं ऑइल राहते वरच्या पेट्रोलात, खालच्या थरात नसतेच, म्हणजे इंजन बिना ऑइलचं फिरते न जाम होते. दुसरं, जुने रबराचे पाइप न पडदे इथेनॉलनं फुगतेत नाहीतर कडक होतेत, आतून पापुद्रे सुटून फिल्टरात बसतेत.

१०० ऑक्टेननं ताकद नाही वाढत भाऊ, जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजनाले त्याची गरजच नाही. ते घेतलंच त बिना इथेनॉलचं म्हणून घ्या, पण ते मोठ्या शहरातल्या मोजक्या पंपावरच भेटते. त्याच्यापेक्षा लागन तेवढंच ताजं पेट्रोल आणा, जुनं मोटारसायकलीत घालून संपवा. अन् ऑइल मोटारसायकलचं नका टाकू, पाण्यानं थंड होणाऱ्या आऊटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ येते तेच. ५० ले १ म्हणजे लिटरमधी २० मिली, पण काही मॉडेलचं प्रमाण येगळं असते, इंजनावर पाहून घ्या.

साकोलीकर
आमच्याकडे एक जण पेट्रोलात पाणी टाकून हलवते, इथेनॉल पाण्यात उतरते, वरचं पेट्रोल काढून घेते. असं करावं का?

जुनी_इंजिनं_नागपूर
तपासायला ठीक. काचेच्या बाटलीत खुणा करून ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी घ्या, हलवून ठेवा, खालचा थर २८ च्या आसपास आला तर ई-२० आहे. पण तसं धुतलेलं पेट्रोल इंजिनात घालू नये. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही उतरतं आणि थोडं पाणी मागे राहतंच, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच परत टाकीत.

डोंगेवाला_पवनी
सकाळी केली टेस्ट. बल्ब दाबला की इंजन उचलते, सोडला की परत गळाठते. झाकणाचा स्क्रू उघडाच होता. मंग पंप खोलला, पडदा फाटला नाही पण पार कडक, वाकवला त कडेले चिरा दिसतेत. पाइपातून काळी घाण निघून रायली. पुरा पंप घ्यावा लागन का?

गॅरेज_भंडारा
बॉडीले चीर नसन त पडदा-गॅसकेटचं किट घ्या, इथेनॉल सहन करणारं पायजे म्हणून सांगा. इकडे नाही भेटलं त मुंबईहून मागवा, इंजनावरचा मॉडेल नंबर पाठवजा म्हणजे चुकीचं येत नाही. वाल्व कोणत्या तोंडानं बसले हायेत त्याचा, ते काढाच्या आधी, फोटो काढा. पाइप न बल्ब सोबतच बदला, नाहीतर तीच काळी घाण नव्या पंपात जाऊन बसन. अन् टाकी उन्हात नका ठेवू, गोणपाट ओला करून टाका वरून, गरम पेट्रोलाची वाफ पाइपातच अडकते, हे बी तुमच्या नवतप्यातल्या नखऱ्यात असन.

डोंगेवाला_पवनी
पाइपाची जाडी केवढी घेऊ? जुना फुगून गेला, मोजता येत नाही.

गॅरेज_भंडारा
पंपाची नोजल मोजा, पाइप नाही. ती फुगत नाही.