हळदीच्या हंगामात संगणक मध्येच बंद पडतो : मदरबोर्डच गेला आहे का?

पेढीवरचा मुनीम, सांगली :

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर मी हिशेबाचे काम पाहतो. पेढीवर सुमारे नऊ वर्षांपूर्वी सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. यंदाचे सौदे सुरू झाल्यापासून तो काम चालू असतानाच बंद पडू लागला आहे. पडदा निळा होत नाही, कोणताही संदेश येत नाही. वीज गेल्यासारखा तो एकदम विझतो. लगेच बटण दाबले तर पंखे फिरतात, पण थोड्याच वेळात पुन्हा सगळे शांत होते. शिवाय सकाळी चालू केल्यावर पुष्कळदा त्यावर जुन्याच एखाद्या वर्षाचा दिनांक दिसतो, आणि सौद्यांच्या हिशेबपट्ट्या त्याच दिनांकाने निघाल्या तर काय गोंधळ होतो ते व्यापाऱ्यांना सांगायला नको. विंडोज नव्याने बसवून पाहिले, फरक पडला नाही. एका दुरुस्तीच्या दुकानात झाकण न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगण्यात आले आणि त्या जातीचा बोर्ड आता मिळत नसल्याने प्रोसेसर व रॅमसह सगळेच नवीन घ्यावे, असा सल्ला मिळाला. तो मानण्यापूर्वी येथे विचारत आहे.

कराडकर :

आधी रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत आणि एकच पट्टी आळीपाळीने प्रत्येक खाचेत बसवून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास तेही सोडवून, केवळ बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) एवढ्यावर संगणक चालू करावा. एकेक भाग कमी करत गेल्याशिवाय बोर्डावर ठपका ठेवता येत नाही. दिनांकाचा दोष बोर्डावरील नाण्यासारख्या सीआर २०३२ बॅटरीचा आहे. ती बदलून टाकावी.

मिरजेहून एक दुरुस्ती करणारा :

रॅम पुसण्यात नुकसान काहीच नाही, परंतु रॅमचा दोष बहुधा निळा पडदा, बीपचे आवाज किंवा मुळात चित्रच न येणे अशा रूपांत दिसतो. चालू संगणक दिव्यासारखा विझणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. पेढीवाल्यांनी कृपया दोन गोष्टी पाहून सांगाव्यात. रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी पहिल्या खेपेस किती वेळ चालतो, आणि बंद पडल्यावर लगेच पुन्हा लावला तर किती वेळ? तसेच बंद पडण्याआधी तो मंद होतो का?

पेढीवरचा मुनीम, सांगली :

रॅम पुसली, खाचाही बदलून पाहिल्या, फरक नाही. सकाळी पहिल्या खेपेस तो दहा-बारा मिनिटे व्यवस्थित चालतो. बंद पडल्यावर लगेच लावला तर अर्धा मिनिटही टिकत नाही, मात्र जेवणाची सुट्टी घेऊन आल्यावर पुन्हा काही मिनिटे चालतो. आणि होय, बंद पडण्यापूर्वी हिशेबाचे सॉफ्टवेअर फार रेंगाळते. ते मी सॉफ्टवेअरचेच दुखणे समजत होतो.

मिरजेहून एक दुरुस्ती करणारा :

मग उत्तर जवळजवळ तुम्हीच दिले आहे. थंड असताना चालणे आणि तापल्यावर पडणे हा उष्णतेचा दोष. बोर्डावरील किंवा एसएमपीएसमधील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) म्हातारे झाले असते तर बहुधा उलटे घडले असते : संगणक थंडपणी उठायला कुरकुरला असता आणि चार-पाच वेळा बटण दाबून थोडा गरम झाल्यावर नीट चालला असता. बिघाड गारव्यात होतो की उष्णतेत, हे पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही. म्हणूनच बहुधा कोणी पाहत नाही.

प्रोसेसर तापू लागला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रथम वेग कमी करतो. तुमचे सॉफ्टवेअर रेंगाळते ते त्यामुळे. तरीही तापमान चढतच राहिले तर तो वीजच तोडतो, आणि ही वेळ बहुतेक प्रोसेसरांत १०० अंश सेल्सिअस ओलांडल्यावर येते. तेव्हा झाकण उघडून प्रोसेसरवरचा पंखा व त्याखालचे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा, पाहावे. यार्डातील पेढ्यांच्या संगणकांत मी नेहमी पाहतो की हळदीची पूड साध्या धुळीसारखी फुंकरीने उडत नाही. तिच्यात तेलाचा अंश असल्याने ती पत्र्यांच्या फटींत थराथराने चिकटते आणि नमद्यासारखी घट्ट बसते. पंखा वरून छान फिरताना दिसतो, पण हवा खाली पोहोचतच नाही. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण मोकळा सोडलेला पंखा नको तितक्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. ओल्या फडक्याचा मोह मात्र टाळावा.

हीटसिंक प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसलेले असेल तर प्रत्येक खुंटी हलवून पाहावी. एक जरी सुटली तरी हीटसिंक त्या कोपऱ्यात उचलले जाते आणि प्रोसेसरशी त्याचा स्पर्श पूर्ण राहत नाही. काढलेच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोहोचवणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध मसुराच्या दाण्याएवढी नवी लावावी. जास्त लावल्याने अधिक गारवा मिळत नाही. खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, टक असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात.

कराडकर :

हे निदान मला पटले, रॅमवर मी घाई केली. एक पुरवणी जोडतो. मल्टीमीटर असेल तर संगणक चालू असताना एसएमपीएसच्या पिवळ्या व काळ्या तारांमधील दाबही पाहून घ्यावा, तो ११.४ ते १२.६ व्होल्ट असला पाहिजे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात.

पेढीवरचा मुनीम, सांगली :

रविवारी यार्ड बंद असताना झाकण उघडले. पंखा काढल्यावर हीटसिंकच्या जागी पिवळी गादीच दिसली, आणि चारांपैकी एका खुंटीचा पाय तुटलेला होता. साफ करण्यापूर्वी मुद्दाम बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या पडद्यात) जाऊन तापमान पाहिले होते. काही मिनिटांत ते ९० च्या वर चढले. खुंट्या सुट्या मिळाल्या नाहीत, म्हणून त्याच सॉकेटचा हीटसिंकसह नवा पंखा आणला. आता अर्ध्या तासानंतरही आकडा ५० च्या आत आहे. पिवळ्या तारेवर ११.९ व्होल्ट मिळाले. बॅटरी २.४ व्होल्टवर आली होती, ती बदलली. रात्री पेढी बंद करताना मी भिंतीवरील बटण बंद करतो, त्यामुळे घड्याळाचा सगळा भार तिच्यावरच येत होता. कॅबिनेट आजवर पोत्यांच्या थप्पीशेजारी जमिनीवर असे, ते आता टेबलावर घेतले आहे. सोमवारच्या सौद्यांच्या सगळ्या पट्ट्या त्याच संगणकावर निघाल्या.