जिम्नी रोज ऑफिसला, महिन्यातून एकदा गावाला: लिफ्ट करू की नुसते टायर?

देवरुखचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. २०२३ ची मारुती जिम्नी आहे, पाच दारांची, मॅन्युअल, कंपनीचे १९५/८० आर१५ टायर अजून तेच आहेत आणि आता संपत आलेत. रोजचं रनिंग बावधन ते हिंजवडी, म्हणजे निम्मा वेळ पहिल्या गिअरमध्येच. महिन्यातून एकदा गावी, देवरुखच्या पुढे, कराड-पाटण-कुंभार्ली-चिपळूण असा जातो.

प्रॉब्लेम शेवटच्या दीड किलोमीटरचा. डांबर संपतं आणि जांभ्याचा कच्चा रस्ता लागतो, दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधे गवताचा वरंबा तसाच उभा. गणपतीत बायको, आई, मुलगा आणि मागे सामान ठासून भरलेलं, खालून खर्रर्र करून जो आवाज आला ना, पोटात गोळा आला माझ्या.

इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं की दोन इंच लिफ्ट टाक, म्हणजे गाडी उंच करायचं किट, स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही, आणि वर २३५/७५ आर१५ चे मड टायर, स्टेपनी धरून पाच. सगळं मिळून दीड लाखाच्या घरात. दिसेल भारी हे मलाही पटतंय, खोटं कशाला बोलू. पण गाडी रोज मीच चालवतो, आईचे गुडघे दुखतात, तिला आत्ताच चढताना हात द्यावा लागतो. आणि अॅव्हरेज किती पडेल ते वेगळंच. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

पन्हाळा_एक्सप्रेस

गड्या पैसं द्यायच्या आधी एक काम कर, टॉर्च घे आणि गाडीखाली झोप. कुठं घासलंय ते बघ. घासल्याली जागा न बघता किट घालणं म्हणजे पोटात दुखतंय आणि ओवा डोक्याला चोळतोयस असलं झालं. गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं का तुझ्या गाडीच्या? न्हाई ना? मग.

निवृत्त_मिस्त्री

वरच्यांनी पहिल्याच फटक्यात मुद्द्याचं सांगितलं. मी जरा सविस्तर लिहितो, वेळ आहे तर वाचा.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अॅक्सल आहे. म्हणजे डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा अॅक्सलमध्येच बसलेला, आणि अॅक्सल चाकांना जोडलेला. लिफ्ट किटमध्ये तुम्ही काय करता, तर अॅक्सल आणि चेसी यांच्या मधली स्प्रिंग उंच करता. त्याने चेसी वर जाते, बंपर वर जातो, दार वर जातं, सीट वर जाते, तुमच्या आई वर जातात, पण तो गोळा होता तिथेच राहतो, एक मिलीमीटर हलत नाही. गोळा वर न्यायचा तर चाकाचा व्यास वाढवायला लागतो आणि त्यातलंही निम्मंच मिळतं, कारण अॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो.

आता हिशेब करा. १९५/८० आर१५ चा व्यास साधारण ६९३ मिमी. २१५/७५ आर१५ घातला तर ७०३ च्या थोडा वर, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम पाच मिमी वाढले. २३५/७५ घातला तर ७३३, म्हणजे वीस मिमी. वीस मिमी ऐकायला बरं वाटतं, पण तो टायर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासतो, त्यासाठी लिफ्ट लागते, चाकावरचं प्लास्टिकचं लायनर नाहीतर बंपर कापायला लागतो, आणि मीटर ८० दाखवतो तेव्हा आधीपेक्षा पावणेसहा टक्के जास्त स्पीडने गाडी जात असते. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, १३४ न्यूटन मीटर टॉर्क, त्याला तुम्ही मोठं आणि जड चाक फिरवायला दिलंत की कुंभार्लीत जिथे तिसऱ्यावर चढत होतात तिथे दुसरा टाकायला लागणार. रोज सिग्नलला उचलताना पण जाणवणार.

लिफ्टचं पुढचं लचांड कोणी सांगत नाही. स्प्रिंग उंच झाली की पुढचे आर्म खाली झुकतात आणि अॅक्सल गोल फिरतो, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं, हायवेला गाडी भरकटल्यासारखी वाटते, कधी कधी स्टिअरिंग थडथडायला लागतं. त्याला करेक्शन बुश घालायला लागतात. शिवाय अॅक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडची लांबी तीच राहते म्हणून अॅक्सल एका बाजूला सरकतो, गाडी मागून बघितली तर तिरकी दिसते, त्याला अॅडजस्टेबल रॉड. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी पुरतात का, बंप स्टॉप, हेडलाइटचा फोकस, सगळं बघायला लागतं. अलाइनमेंटवाला म्हणेल करून देतो, पण या गाडीत त्याच्या हातात फक्त टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) आहे, कॅस्टर मशीनवर फिरवून मिळत नाही. तुमच्या दीड लाखात बुश आणि रॉड आहेत का ते कोटेशनमध्ये बघा. मला शंका आहे.

लिफ्ट वाईट असं मी म्हणत नाही. गाडी जर मधोमध टेकत असेल, म्हणजे ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) खालचा भाग, तर लिफ्टचा फायदा होतो. पाच दारांची जिम्नी तीन दारांच्यापेक्षा व्हीलबेसला ३४० मिमी लांब आहे (२५९० आणि २२५०), तेव्हा उंचवटा ओलांडताना पोट लवकर टेकतं हे खरं. म्हणून आधी खाली बघा.

रानवाटा_नाशिक

मी केलंय हे सगळं. थार होती माझी, जिम्नी नाही, पण दुखणं तेच. लिफ्ट आणि मड टायर. पहिले पंधरा दिवस मी स्वतःच सारखी मागे वळून गाडीकडे बघायचे. मग पावसाळा आला. मड टायर चिखलात भारी, आमच्या काळ्या मातीत सुद्धा गोळे झटकून टाकतो, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की कळतं. जमिनीला टेकणारं रबरच कमी, मोठमोठे ठोकळे आणि मधे रिकामी जागा. कसारा घाटात एकदा पुढचा ट्रक थांबला आणि माझी गाडी थांबता थांबेना, तेव्हापासून मड टायरवरचं प्रेम आटलं. शिवाय साठच्या पुढे असा घोंगावतो की फोनवर आई विचारायची, विमानात आहेस का.

आणि स्प्रिंगचं एक कोणी सांगत नाही. बरेचसे किट हे विंच, लोखंडी बंपर, वर कॅरिअर अशा वजनासाठी बनवलेले असतात. तुम्ही एकटे लॅपटॉपची बॅग घेऊन हिंजवडीला जाणार, ती स्प्रिंग दबणारच नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरला टाळू हादरते. दीड वर्षाने मी सगळं काढून मूळचं बसवलं, काढायचे पैसे परत वेगळे.

तुमच्यासाठी ऑल टेरेन टायर, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे, बस्स. २१५/७५ आर१५ मध्ये योकोहामाचा जिओलँडर बऱ्याच जिम्नीवाल्यांनी घातलाय, कापाकापी न करता बसतो. पाच घ्या, चार नको. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर फोर बाय फोर टाकून चालवणं गिअरबॉक्सला मानवत नाही.

कागदपत्र_काका

थोडं कंटाळवाणं पण कामाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ए आलं, मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर लिफ्ट केलेल्या गाड्या बिनधास्त फिरतात हे मलाही दिसतं. पण खरी गोची अपघातानंतर होते, सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल म्हणजे क्लेममध्ये वाद घालायला त्यांना आयतं कारण. टायर बदलताना सुद्धा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीच्यापेक्षा कमी नको. तुमचा ९६ असेल, म्हणजे एका टायरला ७१० किलो. तेवढा किंवा वरचा.

पन्हाळा_एक्सप्रेस

काकांनी मूडच घालवला 😄 पण खरं हाय. आमच्याकडं एकाची जुनी जिप्सी, पाटे वाढवून वाढवून एवढी उंच केली की चढायला स्टूल लागायचं. म्हातारी आज्जी स्टुलावरून पडली आणि पाटे दुसऱ्या दिवशी खाली.

देवरुखचा_पुणेकर

सगळ्यांचे आभार. काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये खरंच झोपलो गाडीखाली, वॉचमन येऊन विचारून गेला साहेब बरे आहात ना.

तर रिपोर्ट असा: मधे पोटाला काहीच नाही, एक ओरखडा नाही. मागच्या डिफच्या गोळ्याचा तळ चकचकीत घासलाय, त्यावर लाल माती वाळून बसलीय, आणि मागचे आर्म अॅक्सलला जिथे बोल्टने धरलेत त्या ब्रॅकेटची खालची कड वाकलीय थोडी. म्हणजे मिस्त्रींच्या हिशेबाने लिफ्टचा मला शून्य उपयोग. बरोबर ना?

पण मग एक कळत नाही. एकटा जातो तेव्हा घासत नाही, चौघं असतो तेव्हाच घासतं. मग वजनाने दबूनच घासत असेल ना?

निवृत्त_मिस्त्री

वजनाने चेसी दबते, गोळा नाही दबत. टायर जरासा चेपतो तेवढंच. मला सांगा, एकटे कधी जाता आणि चौघं कधी जाता?

देवरुखचा_पुणेकर

एकटा बहुतेक उन्हाळ्यात, आंब्याला. चौघं गणपतीत आणि शिमग्याला.

थांबा. शिमग्याला चौघं असूनही घासलेलं नाही कधी. पालखी यायच्या आधी वाडीतली पोरं रस्ता बुजवतात, चाकोऱ्यांत जांभ्याची माती आणि चिऱ्यांच्या कपच्या टाकतात. आणि गणपतीपर्यंत पावसाने ते सगळं वाहून जातं. म्हणजे वजन नाही, चाकोरीच खोल झालेली असते!!

निवृत्त_मिस्त्री

झालं की मग. गाडीचं दुखणं नव्हतंच, रस्त्याचं आहे. गणपतीच्या आधी एकदा ट्रॅक्टरवाल्याकडून मधला वरंबा छाटून घ्या आणि चाकोऱ्या भरा. आणि चालवताना चाकोरीत उतरू नका, एक चाक वरंब्यावर आणि दुसरं कडेच्या उंच भागावर ठेवून हळू न्या. गाडी अरुंद आहे, जमतं. पाऊस चालू असेल तर मात्र सावकाश, ओला जांभा आणि वरचं शेवाळ, चाक घसरून बदकन चाकोरीत पडतं.

रानवाटा_नाशिक

दीड लाखाचं काम ट्रॅक्टरवर आलं 😂 गॅरेजवाल्याला सांगू नका, रडेल तो. टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन म्हणजे बनवल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला एकदा दोन वर्षं दुकानात पडून असलेले नवीन म्हणून दिले होते.

देवरुखचा_पुणेकर

अपडेट. २१५/७५ ऑल टेरेन पाच घेतले, लिफ्ट रद्द. दुकानात पहिल्यांदा काढलेल्या पाचातले दोन जुन्या तारखेचे निघाले, बदलून घेतले, मॅडम थँक्यू. आवाज थोडा वाढलाय पण गाणी लावली की कळत नाही. अॅव्हरेज एखाद्या किलोमीटरने उतरलं असं वाटतंय, अजून दोन टाक्या बघतो. चुलतभावाला फोन केला, तो म्हणाला ट्रॅक्टरचं काय एवढं, गेल्या वर्षीच सांगायचं होतंस.

एकच शंका, हवा किती ठेवू? दुकानदार म्हणतो ३५ भर, दारावरच्या स्टिकरवर त्याच्यापेक्षा बरीच कमी आहे.

निवृत्त_मिस्त्री

स्टिकरपासून सुरुवात करा, थंड टायरवर. मग खडू घ्या, टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ मारा, आणि सपाट डांबरावर सरळ शे-दोनशे मीटर चालवा. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. सगळीकडे सारखी फिकी झाली की तो आकडा लिहून ठेवा. गावाला चौघं आणि सामान असेल तेव्हा पुन्हा एकदा मारा रेघ, मागच्या चाकांचा आकडा वेगळा येईल.