हाय बॉनेट सीजे-३बी: जुना टब वाचवायचा की नवी बॉडी बसवायची?

हायबॉनेट_धारक (धागाकर्ता)

गाडी महिंद्र विलीज सीजे-३बी जीप, १९६८ ची नोंदणी, उजवं स्टिअरिंग, पेट्रोल. हरिकेन इंजिन, टी-९० गिअरबॉक्स, डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा), सगळं मूळचं. चासी ठणठणीत वाटते, नंबर स्वच्छ वाचता येतो.

टबाचं, म्हणजे बॉनेटमागच्या पत्र्याच्या बॉडीचं, मात्र वाटोळं झालंय. पायांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो. मागच्या चाकांवरचे डबे खालून संपलेत. फ्लोअरखालच्या आडव्या चॅनेलांपैकी दोन हाताने तुटतात. डावीकडे कधीतरी पत्र्यावर पत्रा ठोकून वर बोटभर लांबी (पुट्टी) भरलेली आहे. फायरवॉल (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा) आणि डॅश तेवढे चांगले आहेत.

तीन वाटा दिसतात: तुकडे लावत बसणं, हरियाणातल्या डबवालीकडची तयार बॉडी आणणं, किंवा फिलिपिन्सहून प्रेसमध्ये दाबून घडवलेली बॉडी मागवणं. कुठली घ्यावी? आणि बॉडी बदलली तर आरसीला काही अडचण येते का?

---

ओळंबा

बॉडीचं नंतर. चासी ठणठणीत "वाटते" म्हणजे काय, ते आधी ठरवा. नवी बॉडी बसत नाही अशी ओरड होते त्यात दोष कैकदा चासीचाच निघतो.

सपाट कोब्यावर चासी चार स्टँडवर घ्या आणि पाणसळीने समतल करा. बॉडी बोल्टच्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून खाली जमिनीवर खडूने बारीक ठिपका द्या. चासी बाजूला करा आणि ठिपक्यांमधले कर्ण मोजा: पुढचं डावं ते मागचं उजवं, आणि उलट. फरक ३ मिमीच्या आत असेल तर विषय संपला. ६ मिमीच्या वर गेला तर आधी चासी सरळ करा; तिरक्या चासीवर सरळ बॉडी बोल्ट आवळून बसवली की टबाला पीळ बसतो. मग काचेची फ्रेम एका कोपऱ्यात उचललेली राहते, टेलगेट अडकतं आणि वर्षभरात दाराच्या कापाच्या कोपऱ्यातून पत्रा चिरतो.

जुना टब लगेच उचलून फेकू नका. तो चासीवर असतानाच दाराच्या दोन्ही मोकळ्या जागांत २५ मिमी चौकोनी पाइप आडवा टाका आणि डॅशपासून मागच्या कोपऱ्यांपर्यंत तिरके दोन पाइप वेल्डिंगच्या टाक्याने धरा. फ्लोअर कापल्यावर पुढचा भाग मागे झुकतो, आणि एकदा झुकला की मूळ माप कुणाकडेच उरत नाही. बॅटरी आधी सोडा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती काढून शेडच्या बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक, तिच्यात वाफ असते.

माझं मत: फायरवॉल आणि डॅश चांगले असतील तर पूर्ण बॉडी घेऊच नका. फ्लोअर, चॅनेल, बाजूचे पत्रे नवे. पुढचा भाग मूळचा.

---

लोबॉनेटवाला

आयात बॉडीबद्दल. एमडी हुआन ही फिलिपिन्सची कंपनी जीपच्या स्टीलच्या बॉड्या करते, आणि महायुद्धातल्या विलीज एमबी / फोर्ड जीपीडब्ल्यूच्या रिस्टोरेशनमध्ये जगभर त्या वापरल्या जातात. पण एमबीची बॉडी तुमच्या गाडीला चालणार नाही. व्हीलबेस दोन्हींचा ८० इंच, म्हणून लोक फसतात.

एमबीचं गो-डेव्हिल इंजिन एल-हेड, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. हरिकेन एफ-हेड, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, कार्ब्युरेटरही वर गेला, इंजिन उंच झालं. म्हणून १९५३ मध्ये सीजे-३बीचं बॉनेट उचललं आणि त्याबरोबर फायरवॉलचा वरचा भाग आणि ग्रिलही उंच झाली. आपल्याकडचं "हाय बॉनेट" ते हेच. शिवाय एमबीला टेलगेट नाही, मागचा पत्रा बंद असतो. डॅशवर सुटे गोल मीटर, तुमच्याकडे एकच क्लस्टर. एमबीचा लो बॉनेट टब हरिकेनवर चढवायचा तर इंजिन तरी बदला नाहीतर बॉनेटला भोक पाडा. दोन्ही पाहून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. मूळ अमेरिकी नमुना डाव्या स्टिअरिंगचा. त्यावरून केलेल्या बॉडीत कॉलमचं भोक, क्लच-ब्रेकच्या पॅडलच्या फटी, मास्टर सिलिंडरचं झाकण, सगळं डावीकडे. हे उजवीकडे हलवणं म्हणजे नव्या फायरवॉलची चाळण. मागवायचीच असेल तर "सीजे-३बी, उजवं स्टिअरिंग" एवढं लेखी घ्या, भोकांच्या मापांसकट आकृती मागा. कस्टममध्ये वाहनांच्या बॉड्या ८७०७ या शीर्षकाखाली येतात; पैसे भरण्याआधी एजंटकडून एकूण खर्चाचा आकडा काढून घ्या, कारण आकारमानामुळे भाडंच अंगावर येतं.

---

अठरागेज

ओळंबादादांशी सहमत, पण डबवालीच्या मालाला सरसकट नावं ठेवू नयेत. मंडी डबवालीत (हरियाणा, सिरसा जिल्हा) जीपच्या बॉड्या बनवणं हा मोठा धंदा आहे आणि सांगितलं तर नीट करून देतात. न सांगितलं तर लग्नाच्या वरातीची जीप येते.

पत्रा: सीआरसीए (थंड लाटलेला पोलादी), १८ गेज म्हणजे १.२ मिमी. आडवी चॅनेल १६ गेज, १.६ मिमी. व्हर्निअर कडेला लावा, पण रंगाची जाडी खरवडून. पत्रा सुटा मिळत असेल तर वजनानेही कळतं: १.२ मिमीचा चौरस मीटर ९.४ किलो, १.६ चा १२.६ किलो. "जाड पत्रा देतो साहेब, २ मिमी" याला भुलू नका. आठ चौरस मीटर पत्र्यामागे ५० किलो वजन फुकट वाढतं, आणि जाड पत्र्याला मूळच्या गोलाया येत नाहीत, कडा चौकोनी दिसतात. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा गंजत नाही म्हणून घेतात. वेल्ड करताना त्याचं जस्त जळून धूर होतो (तो छातीत जाऊ देऊ नका), टाक्यात भोकं पडतात आणि नीट प्रायमर नसेल तर रंग पापुद्र्याने सुटतो.

फ्लोअरवरच्या उभ्या पन्हळी प्रेसने दाबलेल्या आहेत का बघा. सपाट पत्र्यावर पट्ट्या वेल्ड केल्या असतील तर गाडी चालताना फ्लोअर डफासारखा वाजतो. मुठीने ठोकून बघा, लगेच कळतं.

हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. एक, मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असतो, त्यात तेल घालायचं झाकण फ्लोअरमध्ये हवं. तयार बॉडीत ते नसतंच कित्येकदा, मग ब्रेक ऑइल बघायला गाडीखाली झोपा. दोन, स्टेपनीच्या ब्रॅकेटमागची आतली मजबुतीची पट्टी. ती नसेल तर चाकाच्या वजनाने बाजूचा पत्रा बोल्टभोवती ताऱ्यासारखा चिरतो.

---

हायबॉनेट_धारक

+१ सगळ्यांना. पुढचा भाग ठेवतो, बाकी डबवालीहून सुट्या पत्र्यांत मागवतो. मग जुना-नवा सांधा कुठे आणि कसा? आणि चॅनेलांची भोकं चासीशी जुळली नाहीत तर?

---

ओळंबा

सांधा कारखान्याने दिला होता तिथेच. फायरवॉलचा खालचा वाकवलेला काठ फ्लोअरवर स्पॉट वेल्डने बसलेला आहे. लांबी आणि रंग तारेच्या ब्रशने काढला की स्पॉटचे गोल खड्डे दिसतात. ८ मिमीच्या स्पॉट कटरने फक्त फ्लोअरचा थर भेदा, फायरवॉलचा काठ अखंड राहू द्या. ग्राइंडरने सरळ रेषेत कापलात तर तो काठच जातो आणि मग टोकाला टोक लावून वेल्ड करावं लागतं. पातळ पत्र्यात त्याने लाटा येतात.

नव्या फ्लोअरला दर ४० मिमीवर ८ मिमीचं भोक पाडा, दोन्ही अंगांना वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर मारा, क्लँप लावून भोकं मिग वेल्डिंगने भरा. वायर ०.८ मिमी. आधी मधलं भोक, मग दोन टोकं, मग उरलेली उड्या मारत. हात लावून गरम लागतं तिथे पुन्हा जायचं नाही. गॅस वेल्डिंगवाल्याला या कामाला जवळ फिरकू देऊ नका, तो माणूस वाईट नसतो पण पत्रा ताणून ठेवतो.

हे सगळं शेवटी. त्याआधी पूर्ण गाडी कोरडी जुळवा. चॅनेल रबरी पॅडवर ठेवून बोल्ट सैल लावा, वर फ्लोअर, बाजूचे पत्रे ४ मिमी सेल्फ-टॅपिंग स्क्रूने, टेलगेट, काचेची फ्रेम, ग्रिल, मडगार्ड, बॉनेट. इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर हवेत. मग तपासा:

ट्रान्सफर केसचे लिव्हर सगळ्या जागी पूर्ण जातात का. ब्रेक आणि क्लचची पॅडल फ्लोअरच्या फटीत न घासता तळापर्यंत जातात का. स्टिअरिंगचा रॉस बॉक्स चासीला बोल्ट केलेला, म्हणजे कॉलमची दिशा चासी ठरवते. डॅशखालचा क्लँप कॉलमकडे न्यायचा, कॉलम ओढून क्लँपकडे नाही. ओढलात तर स्टिअरिंग जड होतं आणि लोक उगाच किंगपिनला दोष देतात.

बॉनेटची फट ग्रिलखालच्या शिमने (पातळ चकत्यांनी) आणि ग्रिल ते फायरवॉलच्या दांड्यांनी जुळते, बॉनेट ठोकून नाही.

भोकांचं: ५-६ मिमीपर्यंत चुकलं तर चॅनेलचं भोक कानशीने लांबट करा, मोठा जाड वॉशर टाका. त्याहून जास्त असेल तर चॅनेल सोडवून हलवा. गॅस कटरने भोक फाडायचं नाही, आणि चासीच्या भोकाला तर हातच लावायचा नाही. आवळण्याआधी प्रत्येक पॅडखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. एखाद्या ठिकाणी सहज ओढली जात असेल तर तिथे टब अधांतरी आहे, शिम टाका.

---

परिवहन_प्रेमी

आरसीचं: जीपची ओळख चासी आणि इंजिन नंबर. त्याच नमुन्याची, त्याच प्रकारची बॉडी दुरुस्तीत बदलली तर आरसीवरचा तपशील बदलत नाही. उघडी जीप बंद केली, आसनं वाढवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी मंजुरी लागते.

तुमची गाडी ५० वर्षांवरची, म्हणजे जुलै २०२१ च्या दुरुस्तीनंतरची व्हिंटेज नोंदणी घेता येईल. नवीन नोंदणीला ₹२०,०००, पुनर्नोंदणीला ₹५,०००, मुदत १० वर्षं. नव्या नोंदणीला "व्हीए" मालिका. आधी नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. पण अट आहे: चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको, आणि राज्याची समिती गाडी तपासते. "मूळ स्वरूप" दाखवण्याची जबाबदारी तुमची. म्हणून जुना टब भंगारात देण्याआधी मोजपट्टी लावून फोटो काढा, टबावर ओळखपट्टी असेल तर कापून जपा, पत्र्याची बिलं ठेवा. व्हिंटेज नोंदणीवर रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी चालवता येत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या तुरिन चार्टरचा आग्रह असतो की बदललेला भाग ओळखता यावा. नव्या फ्लोअरला खालून, दिसणार नाही असा, वर्षाचा ठसा मारा. पुढच्या मालकावर उपकार होतील.

---

अठरागेज

रंगाचं कुणी बोललं नाही, आणि टब सडतो तो तिथेच. नव्या पत्र्यावरचा प्रायमर हा बहुधा वाहतुकीपुरता असतो. चिंधीला थिनर लावून पुसा. रंग चिंधीवर आला तर पूर्ण काढा. मग तेल पुसून ८०-१२० ग्रिटने घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. कोकणात किंवा पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस होतो. लांबी इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही. ती पाणी पिते. सांध्यांचा सीलरही इपॉक्सीच्या वरच.

चॅनेलच्या आत मात्र ब्रश पोचत नाही. महायुद्धातल्या एमबीत त्या चॅनेलांत लाकूड भरलेलं असे, ते ओलं राहून आतून गंज चढे. तुमच्यात लाकूड नसलं तरी चिखल साचतोच. प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही टोकांना ८ मिमीचं भोक निचऱ्याला ठेवा आणि रंग झाल्यावर त्याच भोकातून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतलं गंजरोधक मेण) सोडा, दुसऱ्या टोकातून थेंब येईपर्यंत. नंतर ते भोक तारेने मोकळं करा. लोक हे विसरतात आणि वॅक्सच बूच होऊन बसतं.